खाचेतला खडा

मे महिन्यात वाडी नाक्यावर
डांबर इतकं मऊ पडतं
की जॅकखाली फळी घालावी लागते.
अशा दुपारी प्रेमदास उईके पिकअप घेऊन आला.
चारही टायर ऑल टेरेन,
कुशीवर कोरलेला तीन शिखरांचा डोंगर
आणि डोंगराच्या पोटात बर्फाची चांदणी.

"डोमाभाऊ, आख्खा हिवाळा सोनमर्गच्या वर काढला,
बोगद्याच्या कामावर ड्रिलचं सामान नेत.
पाहून सांग, किती उरलं याच्यात?"

मी गेज लावला.
पुढं सहा मिलिमीटर, मागं पाच.
चाळीस वर्षं मी टायर वाचतो:
कोण दाबून ब्रेक मारतो, कोणाचं अलाइनमेंट बाहेर,
कोण हवा न तपासता अमरावतीला जातो.
पण या रबरावर असं काही होतं
जे मला लागत नव्हतं.

"ताजं बर्फ पडलं ना भाऊ, तवा हे टायर राजा.
खाचीत बर्फ ठासून बसते
अन् तेच खालच्या बर्फाले धरते.
रबर नाई धरत. बर्फाले बर्फ धरते."
मी पाना हातात धरून ऐकत होतो.
"अन् दुपारी वितळलं, पहाटे गोठलं,
रस्ता काचेवानी झाला, का संपलं.
तिथं हे नवंकोरं अन् तुह्या दुकानातलं टक्कल टायर,
दोघं भाऊ-भाऊ.
एकदा गाडीनं तोंड दरीकडं केलं.
म्या दोन्ही पाय उचलले.
बैल बिथरला का कासरा ढिला सोडत नाई का?
तसं."

"साखळी?"
"बांधाले बोटं लागते.
बोटं सकाळीच गेलेली असते."
त्यानं हात पुढं केला, बघायला नाही,
चहाचा कप घ्यायला.

मागं वाळूची चार पोती टाकायचा, म्हणाला.
उणे वीसमध्ये रबर सागासारखं होतं, म्हणाला.
मी हसलो. आमच्याकडं तर गुळासारखं होतं.

तो झोपला बाकड्यावर.
मी स्क्रू ड्रायव्हरनं खाचा कोरायला बसलो.
बुटीबोरीची गिट्टी निघाली, एक तार, बाटलीचं झाकण.
मग एक खडा. राखाडी, मधून पांढरी शीर.
आपल्या काळ्या दगडाचा नव्हता तो.
किती हजार किलोमीटर बसून आला असेल,
तिकीट न काढता.
व्हॉल्व्हच्या टोप्यांच्या डब्यात टाकला.

संध्याकाळी समोरच्या शकीलच्या गोळ्याच्या गाडीवर
बर्फाची लादी भुशातून बाहेर आली.
रिमोल्डिंगला कापलेला टायरचा तुकडा मी खिशातून काढला,
लादीवर ठेवला, तळव्यानं दाबला, ढकलला.
गेला.
मुकाट, सरळ, लादीच्या कडेपर्यंत.
पुन्हा ठेवला, आडवा, उभा, जोर लावून.
पुन्हा गेला.

मग किसलेल्या बर्फाच्या ढिगात दाबला.
खाचा भरल्या पांढऱ्यानं.
उचलला, त्याच ढिगावर पुन्हा टेकवला, ढकलला.
नाही हलला.
मी अजून जोर केला, बोटं बधिर झाली,
तो तिथंच.
बर्फाले बर्फ धरते.

शकील बघत होता, हातात काळा खट्टाची बाटली.
"काका, तुमचा टायर धुवून ठेवू,
की यावरच सरबत टाकू?"
गिऱ्हाईक पोरं हसली.
मी म्हणालो, किस नवा काढ, पैसे मी देतो.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली,
आता या वयात बर्फ पाहायचं राहिलं होतं?
पाहिलं ना, म्हणालो, दहा रुपयांत.

उईके रात्री उठला, पाणी मारलं तोंडाला.
"मंग? चालतीन का अजून एक हिवाळा?"
पाच मिलिमीटर. इथं दोन वर्षं सहज.
तिथलं मला काय कळतं?
मी म्हणालो, मागचे दोन बदल.
त्यानं पैशाचा हिशोब केला मनात,
ओठ हलले, मग हललेच नाहीत.
"पुढच्या फेरीत पाहू," म्हणाला,
आणि निघाला.

चाकांखाली मऊ डांबर चिकटत होतं,
चर्र चर्र वाजत गेलं वळणापर्यंत.
डब्यात हात घालून मी खडा काढला.
कोमटच होता.
इथं सगळंच कोमट होतं.