लेंडीखत

टाकीतल्या पाण्यात माती सोडली
की माती बुडते, खडे बुडतात,
आणि जळालेलं तेवढं वर येतं.
दुर्मुश चहाच्या गाळणीने ते अलगद टिपतो,
जुन्या वर्तमानपत्रावर सावलीत पसरतो.
उन्हात नको, तडकतात.
हे मला त्यानेच शिकवलं.

कोन्याच्या पठारावरचं आमचं टेकाड
बाहेरून बघाल तर मेंढ्या चरतात, एवढंच.
आत आठ हजार वर्षांपूर्वीचं कोठार,
एका रात्री पेटलेलं.
पेटलं नसतं तर सगळं फस्त झालं असतं,
उंदरांनी नाही तर माणसांनी.
जळाले म्हणून उरले हे जव.

अंकारात, तिसऱ्या मजल्यावर, मी एक दाणा निवडते.
खरवडते, आम्लात बुडवते, धुते,
त्याची पूड कथलाच्या इवल्या डबीत दुमडते,
गुंजेचा पन्नासावा हिस्सा, फार तर.
मग यंत्र त्याला दुसऱ्यांदा जाळतं.
माफ कर, म्हणते मी दर वेळी.
यंत्राला नाही.

पडद्यावर दोन नायट्रोजन, एक हलका, एक जड.
कोठाराच्या उत्तर कोपऱ्यातले दाणे गप्प.
दक्षिणेकडच्यांत जड जास्त,
इतका, की रानातल्या मातीचं हे काम नव्हे.
कोणीतरी त्या शेतात खत टाकत होतं,
वर्षानुवर्षं.

उन्हाळ्यात हे एल्मासला सांगायला गेले.
मेंढवाड्यात लेंड्यांचा तुडवलेला थर
फावड्याने कापून
ती हिवाळ्यासाठी वड्या रचत होती.
हात न थांबवता म्हणाली,
"सगळं शेताला घातलं,
मग चुलीत काय घातलं त्यांनी?"

मी झाडांबद्दल काहीतरी बोलले.
"कुठली झाडं?"
तिने पठाराकडे हनुवटी उडवली.
खरंच, कुठली?
आमच्या कोळशांत ओक आहे, पण तो डोंगरातला,
दिवसभराच्या चालीवरचा.

"आणि खत काय लगेच देतं, शुकूफे?
पहिल्या साली आशा लावतं,
दुसऱ्या साली थोडं,
तिसऱ्या साली कुठे पोटभर.
तोवर इथेच राहणार, हे ठरलेलं हवं."

म्हणजे एक बाई
(बाईच, असं एल्मास धरून चालते)
टोपली उचलून दाराशी थबकली असेल,
डावीकडे चूल, उजवीकडे शेत,
आत कोणीतरी खोकत असेल,
आणि ती उजवीकडे वळली.

हे मी अहवालात लिहिलेलं नाही.

त्या रात्री पाहुण्यांच्या खोलीत
एल्मासने शेगडीत दोन वड्या जास्तच सारल्या.
मी नको म्हणाले नाही.