मागचा ॲक्सल

दुपारी अडीच वाजता कामठी रोडवर
पत्रा हाताला चटका देतो, तेव्हा
गुलाब निखारे गाडीखाली असतो.
बाहेर फक्त पाय.
एका टाचेला ग्रीस,
दुसरीला मेंदी लावल्यासारखा गंज.
"असं करून राह्यलो बाई," तो खालून बोलतो,
"समोर डिस्क. मागं सुमोचा ॲक्सल.
इंजिनाले हात नाही लावत.
इंजिन बाबूजीचंच."

त्रेपन्न सालची शेवरोले पिकअप.
कॉटन मार्केटमागच्या कारखान्यातून
बर्फाच्या लाद्या घेऊन
इतवारीतल्या सरबतवाल्यांकडे,
सदरच्या हॉटेलांत, लग्नाच्या मांडवांत,
आणि उन्हाळ्यात कुणी गेलं असेल त्या घरी.
तिथलं भाडं बाबा घेत नसत.

तीनदा दाबल्याशिवाय ती कधी थांबली नाही.
चौकाच्या पन्नास पावलं आधीपासून
बाबांचा उजवा पाय कामाला लागायचा :
एक. दोन. तीन.
मी शेजारी, मांडीवर पावतीपुस्तक,
माझाही पाय रिकाम्या पत्र्यावर :
एक. दोन. तीन.
फुटाळ्याच्या उतारानं भरली गाडी
त्यांनी एकदाही नेली नाही.
तीन मैलांचा वळसा घेत,
आणि वळशात वितळलेलं
स्वतःच्या अंगावर घेत.
वीस किलोमागे किलोभर सूट, न मागता.

तर ॲक्सल उतरला.
चौघांनी धरून, विटांवर.
गुलाबनं त्याच्या पोटाचं झाकण उघडलं,
दिवा आत धरला
आणि हसायला लागला.
"इकडे या बाई. पाहा."
काळ्या तेलात, गिअरच्या दातांमध्ये
लाकडाचा भुसा.
"गिअर रडत असले की हे भरतात.
महिनाभर गाडी मुकी.
गिऱ्हाईकाले काहीच समजत नाही."

भुसा.
आमच्या घरी पोत्यांनी असायचा.
लाद्या त्यातच झोपायच्या.
ऐंशी साली भंडाऱ्याचा कोणी गिऱ्हाईक येणार होता,
माझी डी.एड.ची फी भरायची होती,
आईनं बॉनेटला हळदकुंकू लावून ठेवलं होतं,
आणि तो आलाच नाही, एवढं आठवतं.
आदल्या रात्री कंदील घेऊन
बाबा इतका वेळ अंगणात काय करत होते,
ते कधी विचारलं नाही.
किलोभर सूट देणारा माणूस!
चिमूटभर भुसा बोटांवर घेऊन वास घेतला.
जळकं तेल, दुसरं काही नाही.
मग मलाही हसू आलं
आणि ते आवरेना.

पुढचे आठ दिवस मापांचे.
स्प्रिंगच्या बैठका अर्धा सूत इकडे, अर्धा सूत तिकडे.
जुन्या बंद नळीतला दांडा कापून
नवा, उघडा, उन्हात चमकणारा शाफ्ट.
चाकाला सहा बोल्ट होते, तिथं पाच.
सहाव्यातला एक मी पर्समध्ये टाकला.
अजून किल्ल्यांशी भांडतो.

शेवटी ब्रेकमधली हवा काढायची.
मी आत, गुलाब खाली,
रेहान बाटली धरून चाकाशी.
"दाबा."
दाबलं.
"धरून ठेवा."
धरलं.
"सोडा."
नळीतून बुडबुडे, बुडबुडे,
मग एखादाच,
मग नुसतं तेल, पिवळसर, निमूट.
पायाखालचं पेडल घट्ट होत गेलं,
पाण्याची लादी होत जाते तसं.

जुना ॲक्सल भंगारात गेला.
भंगारवाल्यानं काट्यावर
ग्रीसचे म्हणून दोन किलो कापले.
मी काही बोलले नाही.

संध्याकाळी सेमिनरी हिल्सवरून खाली.
मागं वाळूची दहा पोती, शेजारी रेहान.
उतार लागला. तलाव समोरून वर येऊ लागला.
एक म्हैस आडवी उभी,
रस्ता तिच्या बापाचा असल्यासारखी.
पन्नास पावलं आधीच पाय सुरू झाला : एक
आणि गाडी जागच्या जागी.
रेहानचं कपाळ डॅशबोर्डवर.
दोन. तीन.
"थांबली ना बाई," तो कपाळ चोळत म्हणाला,
"आता कायले दाबून राह्यल्या?"