हजेरीवही

सातव्या वर्षी एका दुपारीत कळलं होतं सगळं.
कोणी फळ्यावर लिहून दिलं नाही.
आईनं लोटा जरा वर धरला,
पाणी उंचावरून ओतलं,
आणि ओंजळ करून बसलेला माणूस कोणत्या पुऱ्यातला
ते मला पाठ झालं. जन्मभरासाठी.

आता त्र्याहत्तर.
मोर्शीच्या अलीकडे संत्र्याच्या तोड्यावर हजेरी लिहितो.
एक टोळी मेळघाटातून येते, एक बैतूलकडून.
तीन आठवडे झाले, चेहरे बसत नाहीत.
सानू बेठेकर, मन्नू बेठेकर, की हा तिसराच?
शिडीवर असेपर्यंत ओळखतो,
डावा हात, मनगटावर काळा दोरा.
खाली उतरला की गर्दीत विरघळतो.
नाव गळून जातं, टोळी तेवढी उरते,
चाळणीत कोंडा राहावा तशी.

परवा दोर हरवला. नवा, नायलॉनचा, साठ हात.
"धारणीवाले. दुसरं कोण?"
मनाच्या आधी जीभ बांधावर पोचली होती.

तेजल हसली नाही. नात माझी, बारावीला.
चार दिवसांत तिला सतरा जणांची नावं येतात,
कोणाचं पोर तापलंय, कोणाला बिडी सोडायचीय, सगळं.
"आबाजी, दोर मधुकाकानं नेला, गोऱ्ह्यासाठी.
तुमालेच सांगून गेलता.
आन् तुमचा चष्मा शेततळ्यात पडला तवा
छातीइतक्या पान्यात कोन उतरलं होतं?
तेबी इसरले?"

चष्मा नाकावर होता.
त्याच्यातूनच तिच्याकडे पाहत होतो.

त्या दिवसापासून नावापुढे बरोबरच्या खुणेशेजारी
बारीक अक्षरात काहीबाही लिहितो.
सानू : डावखुरा, भाकर उभ्यानं खातो.
फुलमा मावस्कर : चष्मा.
मालक म्हणाला, हे काय, हजेरी का पंचांग?
मी म्हटलं, म्हातारपण.

आज टोळी निघाली. पिकअपमध्ये भांडी, पोरं, एक कोंबडी.
फुलमाला विचारलं, माझं नाव माहीत आहे?
ती लाजली. मग म्हणाली, "हजेरीवाला बुढा."
अशी किती बुढी असतील तिच्याजवळ,
बागेगणिक एक,
सगळी एकाच नावाची.

दौलत, मी सांगितलं.
तिनं म्हणून पाहिलं, जरा वाकडं पडलं,
गाडी सुरू झाली.

पुढच्या साली वही नवी येईल,
म्हणून हे पान फाडून खिशात ठेवलंय.
कोणत्या सदऱ्याच्या,
तेवढं राहावं लक्षात.