पन्नास गुंठ्यांचा काठ

भिवरीला जमीन आहे म्हटलं की लोक विचारतात, किती?
पन्नास गुंठे, म्हणते मी, आणि तीन घोडी.
मग गप्प होतात. मनातल्या मनात
हिशोब चुकतो त्यांचा.

माझाही चुकलाच होता.
पहिल्या वर्षी सगळं रान मोकळं सोडलं,
श्रावणात पोटरीइतकं गवत, कोवळं लुसलुशीत,
आणि मोगरी, बारा वर्षं वराती वाहिलेली,
एका सकाळी पुढचे पाय पुढे टाकून
मागे रेलून उभी राहिली,
खाली निखारे असल्यासारखी.

डॉक्टर केंजळ्यांनी खुराला तळहात लावला.
"ताप आहे. गवतातली साखर."
मग माझ्याकडे बघून, "तुमची किती आली परवा?"
मी म्हटलं, मोगरीचं बोला.

तर ठरलं, रान द्यायचं नाही.
रानाभोवतीची वाट द्यायची.

बाहेरचं कुंपण होतंच. आत बारा फुटांवर दुसरं:
कोपऱ्यांना बाभळीच्या मेढी, मधे फायबरचे खांब नव्वद,
पांढरी पट्टी, झटका मशीन, वर तळहाताएवढं सोलर.
सात ट्रॉल्या मुरूम. ओढ्याच्या अंगाला गोटे.
पाणी विहिरीपाशी,
मिठाचा खडा आंब्याखाली,
आणि वाळलं गवत पार पलीकडे, जाळ्यांत भरून टांगलेलं.
म्हणजे तहान लागली की चालायचं,
भूक लागली की चालायचं,
खारट आठवण आली तरी चालायचं.

शेजारचे अंकुश कटके बांधावर उभे राहिले.
"गवत आत नि जनावर बाहेर?
हे म्हणजे ताट मांडून
पाहुण्याला घराभोवती फिरवायचं."

गुलाबभाई नालबंदांनी नाल काढून खिशात टाकले.
"गोट्यांवरून जाऊ द्या. दगडच कानस होईल."
ज्याचं पोट नाल ठोकण्यावर
तो असं बोलला. चहाही अर्धाच प्याला.

बटू, आमचं टट्टू, त्याने पट्टीखालून
मान घालून बघितली.
एकदाच.

टँगी रेसकोर्सवरून आलेली,
नऊ शर्यती, नंबर एकीतही नाही.
वाट दिसली नि ती सुटली,
कान मागे, मुरूम उडवत, तीन फेऱ्या,
कुणीतरी ओरडेल याची वाट बघत.
चौथ्या फेरीत, जिथे संपायला हवं होतं,
तिथे पाण्याचं टाकं निघालं.
प्याली. बराच वेळ प्याली.

आतलं गवत कुणी न खाता वाढलं,
पवना, मारवेल, कडेला थोडी कुसळी.
मी त्याला असं उभं कधी बघितलंच नव्हतं,
वाऱ्यात एका बाजूला झुकणारं.
कार्तिकात पिकल्यावर कापलं, वाळवलं, रचलं.
आता त्यांचंच रान त्यांना
जाळीच्या भोकांतून, घास घास.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी
फाट्यावरच्या कार्यालयातून बँड ऐकू आला.
मोगरी दक्षिणेच्या कोपऱ्यात थांबली.
कान ताठ. पुढचा उजवा पाय वर, मग डावा,
मग उजवा,
पाठीवर कुणी नाही, समोर नाचणारं कुणी नाही,
मुरमावर तीच जुनी पावलं.
मला तिला हाक मारता आली असती.
जाळी हातात धरून मी तशीच उभी.
मागून बटूने ढुशी दिली,
बारा फुटांत त्याला पुढे जायचं होतं.
ती चालू लागली.

आता कानिफनाथाच्या डोंगरावरून बघितलं
तर आमच्या तुकड्याला
कुणी तांबडा काठ लावल्यासारखा दिसतो.
पदर नाही, नुसता काठ.

माझा आकडा केंजळ्यांना अजून सांगितलेला नाही.
रोज सहाला मोगरीच्या मागे दोन फेऱ्या मारते,
तीही मागे वळून बघत नाही, मीही काही विचारत नाही.
सतरावा खांब परत कललाय.
उद्या दगड लावायला हवा त्याला.