बर्फ, दोर, डिझेल

क्लाक्सविकच्या बंदरात मासळीचा लिलाव पहाटे सहाला.
मी तिथली हिशेबनीस, सुन्नवा.
एकोणीस वर्षं बर्फ लिहिते, दोर लिहिते, डिझेल लिहिते
आणि डिसेंबरात सगळ्याखाली एक रेघ ओढते.

सॉफ्टवेअरच्या ओळीत शून्य.
आधी तिथं कोपनहेगनच्या कंपनीचा आकडा असायचा,
दरवर्षी थोडा फुगलेला,
वर ताकीद: आत हात घालाल तर याद राखा.
हानुसनं एके वर्षी ते सगळं काढून टाकलं,
कुणीतरी कुठंतरी लिहून सोडून दिलेलं आणून बसवलं.
कॉड तोच, हॅडक तोच, पडद्यावरचे आकडे तेच.
फुकट? मी विचारलं.
फुकट नाही गं, मोकळं, तो म्हणाला.
माझ्या वहीत दोन्हींची बेरीज सारखीच आली.

तरी शून्य मला कधी आवडलं नाही.
होडीच्या तळाला असलं गोल काही दिसलं
की इथली पोरंही ओरडत सुटतात.

मार्चमधल्या एका मंगळवारी घड्याळ थांबलं.
भिंतीवरचं नव्हे, आतलं,
बोली कधी लागली, कधी संपली, हे ठरवणारं.
अकरा टन मासळी बर्फावर,
खरेदीदार कॉफीचे पेले घेऊन उभे,
आणि पडद्यावर कालचीच शेवटची बोली, हलेना.
रेगिननं बाह्या सरसावल्या.
दाराला कुलूप नव्हतंच; तो आत शिरत गेला,
या खोलीतून त्या खोलीत,
आणि अगदी मागच्या खोलीत एकच माणूस सापडला:
एवारिस्तो, ताकुआरेम्बो, उरुग्वे.
चौदा वर्षं तारखा नि वेळा एकटा सांभाळणारा.
आठ महिन्यांत कुणालाच उत्तर नाही.

दुपारी बर्फ सुटायला लागला.
चूक सापडली तेव्हा चार वाजले होते.
एक ओळ. खरं तर अर्धीच.
निम्मी मासळी पडेल भावात गेली, उरलेली खताला.

मी एवारिस्तोला पत्र लिहिलं,
पुरवठादाराला लिहितात तसं: बिल पाठवावे.
तीन आठवड्यांनी मुलीचं उत्तर आलं.
बाबा दवाखान्यात होते. घरी आलेत, डोळे गेल्यासारखेच.
पैसे घेतील, नाही म्हणणार नाहीत.
पण विचारतात, शुक्रवारी तुमच्याकडे मोकळं कुणी असतं का?
शिकवायचंय.

हानुस तापला. पगार आपण द्यायचा आणि काम साऱ्या जगाचं?
उद्या नॉर्वेवाले आयतं उचलतील!
उचललं, रेगिन म्हणाला, कालच.
माझ्या दुरुस्तीतली एक चूक काढून परतही पाठवली.
हानुस बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
मग हळूच: किती मागितले?

परवडतं का, मला विचारू नका.
कंपनीचं बिल परवडत नव्हतं, तो मंगळवारही परवडला नाही,
आणि एका वर्षाच्या ताळेबंदात
म्हाताऱ्याचे डोळे बसत नाहीत.

आता दर शुक्रवारी रेगिन उरुग्वेशी बोलतो,
दोघांचंही इंग्रजी मोडकं, हसणं मात्र खणखणीत.
त्या शुक्रवारांना वहीत ओळ नव्हती.
देणगी लिहिलं, खोडलं.
प्रशिक्षण लिहिलं, तेही खोडलं.
शेवटी घातलं दोरांच्या खाली, दुरुस्तीसह.

लेखापरीक्षक जूनमध्ये येतात.
विचारतील, हा कसला दोर,
नेमका शुक्रवारीच झिजणारा.