वहीची मागची पानं

हर्णै बंदरात एकतीस वर्षं लिलाव लिहिले मी.
कुणाची पापलेटं, कुणाची सुरमई,
बोली कितीवर सुटली.
त्याच वहीच्या मागच्या पानांवर आता
सुकटचं लिहितो:
पहाटे चार. पाणी, वाटीभर.
सव्वाचार. पुन्हा वाटीभर.
पावणेपाच. ओटीवरच झाली. पुसली.

क्रिएटिनिन साडेचार,
मग सहा,
परवा दापोलीहून कागद आला, त्यात आठाच्या वर.
भाव असा चढताना मी खूपदा पाहिलाय,
पण तिथे समोर माणसं असायची,
कोण वाढवतंय ते दिसायचं,
आणि कुणीतरी मान हलवून थांबायचंच.

सुकट हे नाव कुंदाने ठेवलं.
जाळ्यांच्या ढिगात सापडला तेव्हा
एवढासा, वाळलेला, नुसत्या मिशा.
हा काय जगतोय, म्हणाली होती.
घरात घ्यायचा नाही, असंही म्हणाली होती.
त्याला चौदा वर्षं झाली.
आता तीच सलाईनची बाटली
कोमट पाण्यात धरून बसते,
मनगटावर थेंब टाकून बघते,
बाळाचं दूध बघतात तसं.

कॅलेंडरचा खिळा बाटलीला दिलाय.
कॅलेंडर खाली, भिंतीला टेकून;
भरती-ओहोटी बघायला वाकावं लागतं.
मी मानेमागची कातडी चिमटीत उचलतो.
पूर्वी सोडली की लगेच बसायची,
आता तशीच उभी राहते, शिडासारखी.
सुई. तो कण्हत नाही, कुंदाकडे बघतो
आणि कुंदा माडाकडे.
दोनशे मिली. खांद्यावर पाण्याची पिशवी होते,
रात्रीतून ती पुढच्या पायात उतरते.
सकाळी तो एका पायात गमबूट घातलेल्या
खलाशासारखा चालतो.
आम्ही हसतो. हसू येतं, त्याला काय करणार.

तोंडाला वास येतो.
बर्फाच्या कारखान्यात नळी फुटली होती,
त्या दिवशी आला होता तोच, डोळ्यांत जाणारा.
तरी कुंदाच्या उशाशी झोपतो.

मासळी बंद, डॉक्टर मुकादमांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
सुकी तर अजिबात नाही.
बंदरावरच्या कुत्र्याला!
अळणी भात, अंड्यातलं पांढरं, उकडलेला भोपळा.
वाडगं हुंगून त्याने आमच्याकडे पाहिलं होतं,
हिशेबात चूक सापडल्यावर
तांडेल बघतो तसं.

चार दिवस झाले, भोपळा नाही, भात नाही.
मुकादम गुरुवारी येऊन गेले.
चहा घेतला, शेवटचा घोट बशीत राहिला.
म्हणाले, आता पथ्य नको.
आणि कधी ते तुम्ही कळवा,
रात्री फोन केलात तरी येईन.
आम्हाला कसं कळणार, कुंदाने विचारलं.
ते बराच वेळ गाडीची किल्ली फिरवत राहिले.

काल रेवतीकडून मांदेली आणली.
कुणासाठी ते तिला ठाऊक होतं, पैसे घेतले नाहीत.
एक तशीच ठेवली त्याच्यापुढे,
कच्ची, होडीवरून उतरलेली.
त्याने हुंगली. चाटली. दातांत धरली
आणि उठला.
आपला आपण उठला, आठवड्यात पहिल्यांदा.
पायऱ्या तीन. दुसरीवर थांबला.
मी हात पुढे केला, तो त्याने बघितलाही नाही.
अंगण संपून वाळू लागते तिथे,
केवड्याच्या बेटाशी,
त्या जाड पायानेच खड्डा केला, उथळ.
मांदेली ठेवली. नाकाने वाळू लोटली.
मागे सरून नीट बघितलं,
अजून थोडी लोटली.

नंतरसाठी.

कुंदा पदर तोंडाला लावून ओटीवर उभी.
मी वही उघडली. वेळ लिहिली, साडेपाच.
पुढे काही सुचेना, तेव्हा
हाताला सवय होती तेच लिहिलं:
मांदेली, नग एक.
नाव सुकट.
माल उचलायचा बाकी.

मग अंधार पडेपर्यंत
तिथेच कावळे हाकत बसलो.