निव्वळ

भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं,
मधलं उरतं ते निव्वळ.
राळेगावच्या जिनिंगच्या काट्यावर
एवढंच गणित लागतं.
पगार आठ हजार, खुर्चीला एकच हात,
आणि काचेतून दिसणारी कापसाच्या गाड्यांची रांग
पार पेट्रोलपंपापर्यंत.

एक गाडी उतरून दुसरी चढेपर्यंत
मला दोन मिनिटं मिळतात.
दोन मिनिटांत एक प्रश्न.
सुटला तर सुटला,
नाही तर रद्द पावतीच्या पाठीवर अर्धाच टाकून
घ्या भाऊ, घ्या पुढं.

दोन नळ टाकी भरतात, तिसरा रिकामी करतो.
आमच्या गावात नळ चौथ्या दिवशी येतो,
पुस्तकातली टाकी मात्र रोज भरते.

बाबाराव हमालांनी विचारलं, "कायचं पुस्तक व्हय, बाई?"
म्हटलं, कॅटचं. मॅनेजमेंटची परीक्षा.
"म्हंजे मांजर?"
तेव्हापासून रोज सकाळी,
"मांजर कुठवर आली?"
मी सांगते, नफातोट्यापर्यंत.
"दूध पाजत जा तिले," म्हणतात,
आणि गाठोडं उचलतात.

निखत दिग्रसची.
भेटलो एकदाच, अमरावतीला, सरावपरीक्षेच्या रांगेत.
तिच्याकडं पुस्तकं होती, माझ्याकडं रिचार्ज.
रात्री साडेदहाला ती फोनवर इंग्रजी उतारे वाचते,
मागं तिच्या अम्मीची शिलाई मशीन.
एका उताऱ्यात देवमाशांची भाषा,
दुसऱ्यात युरोपातल्या जुन्या बँका.
"सांग, लेखकमहाशयांना काय सुचवायचंय?"
त्यांना काय सुचवायचंय, निखत,
ते जेवून झोपले असतील.

विस्कटलेली वाक्यं क्रमानं लावा:
अ. म्हणून मी काट्यावर बसले.
ब. बी.कॉम.ला कॉलेजात पहिली आले.
क. मोठ्या काकांनी स्थळ आणलं, मुलगा तलाठी.
ड. मी नाही म्हटलं.
मी लावलं ब, क, ड, अ.
निखत म्हणाली, ड पहिलं असेल.
काही जणींचं तिथूनच सुरू होतं.

चुकलं की एक गुण कापतात.
न सोडवल्याला शिक्षा नाही,
हे समजायला मला श्रावण ते दिवाळी लागली.
दिवाळीनंतर एका गाडीची ओल
मीटरवर आठ दिसत होती.
शेठजी फोनवर बोलता बोलता म्हणाले, बारा लिहा.
गाडीवाला माझ्याकडं नाही,
माझ्या पेनाकडं बघत होता.
मी दहा लिहिलं.
कुठल्याच उत्तरसूचीत हे उत्तर नाही.
त्या दिवशी मी पुस्तक उघडलं नाही.

आई विचारते, किती मार्क पडले?
मार्क नाही गं, पर्सेंटाइल.
समज, शंभर जण रांगेत आहेत,
ब्याण्णव माझ्या मागं.
तिनं अंबाडीची काडी मोडली.
"अन् त्या ब्याण्णव जनाइचं काय होते मंग?"
त्यांच्यात निखत आहे,
हे मी सांगितलं नाही.

नागपूरला केंद्राच्या दारात
घड्याळ काढलं, कानातले काढले.
तपासणाऱ्या बाईंनी माझ्या वेणीतून
काहीतरी चिमटीत धरलं.
हे काय?
कापूस, मॅडम.
त्यांनी फुंकर मारली आणि म्हणाल्या, जा.

सोमवारी परत काट्यावर.
बाबारावांनी आल्या आल्या विचारलं.
मारली उडी, म्हटलं,
कुठं उतरली ते कळेल पुढच्या महिन्यात.
"चार पायावरच उतरते ते,"
ते म्हणाले, आणि थांबले नाहीत,
कारण मागं हॉर्न वाजत होता.

शनिवारची एक पावती अर्धीच पडली आहे.
भरल्याचं वजन लिहिलंय, खाली रेघ,
रेघेखाली कोरं.
गाडी आत रिकामी होतेय अजून.